नदीचं मूळ विचारू नका, माशाचं कूळ मात्र विचारा

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. माशाच्या कुळाबद्दल म्हणीत काही नाही, आणि मत्स्यबीज संचयनाच्या, म्हणजे नदी-तलावांत माशांची पिल्लं सोडण्याच्या, कार्यक्रमात तर तो प्रश्न कुणी काढतच नाही. टेम्पोतून ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या येतात, पाहुणे गाठ सोडतात, बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) पाण्यात पडते, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी बातमीत आकडा येतो. बोटुकली कोणत्या जातीची हे कधी छापलेलं असतं, कधी नसतं. तिचे आईबाप कोणत्या नदीतले, हे छापलेलं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.

माझं म्हणणं असं आहे की, दुर्मीळ जातीचं मत्स्यबीज वाहत्या पाण्यात सोडायचं असेल तर ते त्याच नदीखोऱ्यातल्या वंशाचं आहे हे आधी जनुकीय तपासणीने दाखवावं, आणि तो तपासणीचा कागद कुणालाही पाहता यावा. तोवर पिशवीची गाठ सोडू नये. मग बीज सरकारचं असो, कंपनीचं असो की एखाद्या देवस्थानाने पुण्य म्हणून विकत आणलेलं असो. हे शास्त्रज्ञांचं सोवळं वाटेल. पण ते न पाळल्याने काय होतं, याचं उदाहरण आपल्याच लोणावळ्यापासून सुरू होतं आणि कावेरीत जाऊन संपतं.

त्याआधी थोडं पुणे शहराबद्दल. मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनभर फिरलेल्या कर्नल विल्यम हेन्री साइक्सने १८३९ साली इथल्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. स्थानिकांच्या तोंडची नावं त्याने उचलली आणि लॅटिनच्या शेजारी बसवली. त्यातलाच एक खुदरी, आज ज्याला ‘टॉर खुदरी’ म्हणतात तो दख्खनचा महासीर. साइक्सला तो पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर, मुळा-मुठेच्या पाण्यात मिळाला. आज बंडगार्डनच्या पुलावर नाकाला रुमाल लावून उभ्या असलेल्या माणसाला हे सांगून बघा. तरीही खुदरी म्हणजे नक्की कोणता मासा, हे शास्त्राच्या दृष्टीने त्या पाण्यावरूनच ठरतं. बाकी ठिकाणच्या माशांना खुदरी म्हणायचं की नाही, हे त्याच्याशी ताडून बघायचं असतं.

महासीर हा पोहणारा, चढणारा मासा. अंडी घालायला त्याला वरच्या अंगाचं खळाळतं, गोट्यांचं, स्वच्छ पाणी लागतं. धरणांनी ती वाट अडवली, सुरुंगाच्या मासेमारीने डोह रिकामे केले. त्यावर उपाय म्हणून १९७०च्या दशकात लोणावळ्याला, टाटांच्या वीज कंपनीच्या वळवण तलावाकाठी, महासीरचं बीज तयार करायला सुरुवात झाली. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले या दोघांचं नाव या कामाशी कायमचं जोडलेलं आहे. पक्व मादीचं पोट हलक्या हाताने दाबून अंडी थाळीत घ्यायची, त्यावर नराचं शुक्र सोडायचं, मिसळायचं, आणि मग वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये दिवसचे दिवस सांभाळायचं. नैसर्गिक पाण्यात न जमणारी गोष्ट माणसांनी इथे हाताने जमवली. लोणावळ्याची बोटुकली देशात अनेक राज्यांत गेली. हे काम खोट्या हेतूने झालं असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. त्या काळात ‘महासीर’ हा एकच ठोक शब्द पुरेसा वाटत होता. नदीत महासीर कमी झाले, महासीर सोडा. हिशेब सरळ.

यातली काही बोटुकली कावेरीत गेली. आणि कावेरीत तिचा स्वतःचा महासीर होता.

तो काही लहानसहान मासा नव्हे. डोक्याच्या मागून पाठ एकदम वर चढते, जणू कुबड, आणि परांवर नारिंगी छटा. जगातल्या सगळ्यात मोठ्या महासीरांत त्याची गणना होते. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महासीर गळाने काढला. गळ टाकणाऱ्यांच्या दुनियेत ती गोष्ट अजून सांगतात. पुढे कर्नाटकात कावेरीकाठी भीमेश्वरी, गालिबोरे अशा ठिकाणी मासा पकडून, वजन करून पुन्हा सोडून देणाऱ्यांची शिबिरं चालू लागली. परदेशी पाहुणे यायचे, गावातल्या माणसांना वाटाड्याचं काम मिळायचं, आणि राखण असल्यामुळे सुरुंगवाले लांब राहायचे. सगळं छान चाललं होतं असं वाटत होतं. नोंदीही तेच सांगत होत्या: मासे वाढताहेत.

त्या नोंदी पुढे कुणीतरी नीट चाळल्या. इंग्लंडमधले संशोधक एड्रियन पिंडर, केरळचे राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी १९९८ ते २०१२ या काळातली शिबिराची बाडं घेतली. २३ हजारांहून जास्त तासांची गळ-मेहनत, सहा हजारांहून जास्त मासे. एकूण संख्या चढतीच होती. पण निळसर परांचे मासे वेगळे आणि कुबडवाले वेगळे काढल्याबरोबर चित्र फिरलं. वाढत होता तो निळ्या परांचा, म्हणजे बाहेरून आणलेला खुदरी. कुबडवाल्यांची संख्या घटत चालली होती, आणि जे सापडत होते त्यांचं सरासरी वजन वाढत होतं. या दुसऱ्या आकड्याने कुणालाही हुरूप येईल: बघा, केवढे मोठे मासे! खरं तर मासे मोठे होत नव्हते, लहान मासे येणं थांबलं होतं. एखाद्या गावात सरासरी वय वाढत गेलं तर आपण म्हणू का, की गाव सुदृढ होतंय?

आता यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट. हा मासा डोळ्यांसमोर नाहीसा होत होता तेव्हा त्याला धड शास्त्रीय नावसुद्धा नव्हतं. नाव नाही, त्यामुळे धोक्याच्या यादीत जागा नाही. यादीत नाही, त्यामुळे संरक्षण नाही, निधी नाही. बरीच वर्षं त्याला ‘मुसुल्लाह’ म्हटलं जायचं, साइक्सच्याच वर्णनातल्या दुसऱ्या एका माशाच्या नावाने. पण साइक्सचा मुसुल्लाह हा महासीरच नव्हे, तो वेगळ्याच प्रजातीतला मासा आहे, हे पुढे स्पष्ट झालं. मग कुबडवाला कोण?

उत्तर निघालं ते २०१८ साली, आणि ते निघण्यात मायटोकॉन्ड्रियाचा मोठा वाटा होता. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या कणांकडे स्वतःचा छोटासा, गोल डीएनए असतो. माशात तो साधारण साडेसोळा हजार अक्षरांचा, म्हणजे आपल्यात असतो जवळपास तेवढाच, आणि जनुकं मोजून ३७. तो फक्त आईकडून येतो. आईचा आणि बापाचा पत्ता पिसला जात नाही, त्यामुळे आजी-पणजीची ओळ सरळ मागे वाचत जाता येते. पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएपेक्षा त्यात बदल लवकर साठतात, म्हणून जवळच्या नात्यांतलाही फरक दिसतो. आणि एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असल्यामुळे अगदी थोड्या, जुन्या, खराब नमुन्यातूनही तो मिळू शकतो. मासा मारावाही लागत नाही. पराच्या टोकाचा नखाएवढा तुकडा कापायचा, अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा, मासा सोडून द्यायचा. कुपीतल्या चिठ्ठीवर मात्र पेन्सिलीनेच लिहायचं. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मग हा तुकडा कुठल्या नदीचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

तामिळनाडूत मोयार नावाची नदी आहे, भवानीमार्गे कावेरीला मिळणारी. तिथे कुबडवाले अजून थोडे उरले होते. त्यांचे नमुने तपासले, शरीराची मापं घेतली, तेव्हा ते जुळले ते केरळातल्या पांबार नदीतल्या ‘टॉर रेमादेवी’शी. पांबार हीसुद्धा कावेरीच्याच खोऱ्यातली. या जातीचं वर्णन आधीच झालं होतं, पण ज्या माशांवरून ते झालं ते वयाने लहान होते, त्यांचं कुबड अजून भरलेलं नव्हतं. म्हणजे पोराला एक नाव, बापाला दुसरं, आणि दोघं एकच आहेत हे कुणाच्या ध्यानात नाही! या अभ्यासात पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतले नीलेश डहाणूकरही होते. नाव मिळालं आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत या माशाची नोंद झाली ती थेट ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून. बारसं आणि अत्यवस्थ असल्याचा दाखला एकाच वर्षी.

खुदरीचं काय झालं? २०११ साली तो याच यादीत ‘संकटग्रस्त’ होता. पुढच्या मूल्यांकनात तो धोक्याच्या वर्गातून बाहेर आला. जो वाचवायला निघालो तो वाचला, आणि ज्याच्या घरात त्याला नेऊन ठेवला तो घरधनी मरणपंथाला लागला.

यावर एक हमखास येणारा आक्षेप असा: कावेरीतला महासीर घटण्याला धरणं, वाळूउपसा, प्रदूषण, पाण्याची ओढाताण ही कारणं नाहीत का? आहेतच. सगळं खापर खुदरीवर फोडणं चूक ठरेल. पण त्याच नदीत, त्याच पाण्यात, त्याच वर्षांत एक महासीर वाढतो आणि दुसरा घटतो, हे निव्वळ पाण्याच्या टंचाईने समजावता येत नाही. शिवाय धरण हलवणं आपल्या हातात नाही. पिशवीची गाठ मात्र आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. लोक म्हणतात, जातींची ही चिरफाड म्हणजे शास्त्रज्ञांचा उद्योग; मच्छिमाराला मासा हवा, कोणत्या कुळाचा याच्याशी त्याला काय करायचंय? पोटाचा प्रश्न असेल तिथे हे मला मान्य आहे. उजनीतल्या चिलापीवर कितीतरी घरं चालतात आणि चिलापी तर आफ्रिकेची. रोहू, कटला हेसुद्धा मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे, आपल्या धरणांत ते सोडलेलेच आहेत. बंदिस्त तलावात, उत्पन्नासाठी काय वाढवायचं हा वेगळा विषय आणि त्याचा हिशेब वेगळा. पण ‘संवर्धन’ असा शिक्का मारून पैसा खर्च करायचा तर काय वाचवतोय हे सांगावं लागेल. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत २०२०पासून नद्यांमध्ये मत्स्यबीज सोडण्यासाठी वेगळी तरतूद आहे. म्हणजे हा आता कुणा एका हौशी माणसाचा किंवा कंपनीचा उपक्रम राहिलेला नाही, सार्वजनिक धोरण झालं आहे. कागद मागण्याचा हक्क त्यातून येतो.

कागद नसला की श्रीमंत देशांचंही काय होतं, ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात दिसलं. तिथे हिरव्या पाठीचा कटथ्रोट नावाचा ट्राउट मासा आहे. १९३७ साली तो संपला असं मानलं गेलं, पुढे काही ओढ्यांत सापडला, कायद्याचं संरक्षण मिळालं, बीज केंद्रांत वाढवला, डोंगरातल्या तळ्यांत सोडला. १९९४ साली तो राज्याचा अधिकृत मासाही झाला. दशकांची मेहनत. मग जनुकीय तपासणीत दिसलं की वाढवून सोडलेल्यांपैकी बरेच मासे हिरव्या पाठीचे नाहीतच, शेजारच्या खोऱ्यातले त्यांचे चुलतभाऊ आहेत. खरा कोण हे ठरवायला जेसिका मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी संग्रहालयांतल्या बरण्या उघडल्या. १८५७ ते १८८९ या काळात पकडून ठेवलेले मासे. ते अल्कोहोलमध्ये होते हे नशीब. फॉर्मेलिन वापरात आलं त्यानंतर, आणि फॉर्मेलिनमधल्या नमुन्यातून डीएनए काढणं फार जिकिरीचं. त्या जुन्या माशांच्या मायटोकॉन्ड्रियाशी आजचे मासे ताडले, तेव्हा २०१२ साली कळलं की खरा हिरव्या पाठीचा कटथ्रोट उरला आहे फक्त एका ओढ्यात. बेअर क्रीक, आणि त्यात हजारापेक्षाही कमी मासे.

आता माझ्याच युक्तिवादाला अडचणीची गोष्ट सांगतो, कारण ती लपवण्यात अर्थ नाही. बेअर क्रीक हे त्या माशाचं मूळ खोरंच नाही. एकोणिसाव्या शतकात कुणा हॉटेलवाल्याने पर्यटकांना गळ टाकता यावा म्हणून ते तिथे आणून सोडले होते. कसलीही तपासणी न करता, परक्या पाण्यात. आणि तेच वाचले! म्हणजे बेफिकीर संचयनानेच जात राखली, असं कुणी म्हणू शकेल. म्हणावं. पण हा जुगार होता आणि एका ओढ्यात लागला. बाकी सगळीकडे त्याच पद्धतीने सोडलेल्या परक्या ट्राउटांनीच तर या माशाला हुसकावलं. लॉटरी लागलेल्याचं घर दाखवून लॉटरीला गुंतवणूक म्हणता येत नाही.

तपासणी तपासणी म्हणतो आहे, पण तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. नाहीतर उद्या एखादं बीज केंद्र मायटोकॉन्ड्रियाचा एक दाखला भिंतीवर टांगेल आणि मोकळं होईल. मायटोकॉन्ड्रिया आईचाच. मादी खुदरी आणि नर दुसऱ्या जातीचा असेल तर पिल्लू शंभर टक्के खुदरीचा दाखला घेऊन येईल. ही केवळ कल्पना नव्हे: महासीरांच्या दोन जातींचा संकर बीज केंद्रात करून पाहिला गेला आहे आणि तो होतो. म्हणून बापाची बाजू दाखवणारी केंद्रकातली तपासणीही हवी. महासीरात ती जरा किचकट आहे, कारण त्यांच्या पूर्वजात गुणसूत्रांचा अख्खा संच दुप्पट झाला; त्यांच्या बऱ्याच नातलगांत ५० गुणसूत्रं असतात, तर यांच्यात १००. किचकट आहे, अशक्य नाही. शिवाय तपासणी दर वेळी जाती वाढवतेच असंही नाही. महानदीतला महासीर वेगळा मानला जायचा. मायटोकॉन्ड्रियाने त्याला हिमालयातल्या सोनेरी महासीराच्या रांगेत बसवलं. शास्त्रज्ञांना उगाच नवीन नावं काढायची हौस असते, असं म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

बीज केंद्राचा आणखी एक दोष जातीच्या ओळखीत दिसतच नाही. एक मादी हजारो अंडी देते. मोजक्या माद्यांपासून लाखो बोटुकली तयार करणं सोपं, स्वस्त, आणि अहवालात शोभून दिसणारं. पण मग नदीभर त्या मोजक्या आयांचीच लेकरं होतात. जात तीच, खोरं तेच, तरी आतली विविधता गेली. दर हंगामात किती माद्या वापरल्या, त्यांच्यात किती वेगवेगळे मातृवंश होते, हे दोन आकडे बोटुकलीच्या लाखांच्या आकड्याशेजारी छापले, तरी बरीच लबाडी उघडी पडेल.

महाराष्ट्रात हे करायला काय लागेल? नवी संस्था नको. १९८३ साली स्थापन झालेलं मत्स्य जनुकीय संसाधनांचं राष्ट्रीय केंद्र लखनौला आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं प्रादेशिक केंद्र आहे. पहिली पायरी म्हणजे बीज केंद्रांचं नव्हे, नद्यांचं कूळ लिहून घेणं. आणि ते घ्यायला सगळ्यात चांगल्या जागा देवाच्या आहेत. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातले महासीर देवीचे मानले जातात. त्यांना कुणी मारत नाही, भाविक खाऊ घालतात. तो डोह काळ नदीवर, म्हणजे पश्चिमेला सावित्रीमार्गे समुद्राला मिळणाऱ्या पाण्यात. लोणावळ्याचं मूळ पाणी पूर्वेला इंद्रायणी-भीमेचं. मध्ये सह्याद्रीची धार उभी आहे, आणि महासीर डोंगर चढून पलीकडे जात नाही. (तिथलं पाणी वीज करून खोपोलीला, म्हणजे पाताळगंगेकडे, आपणच ढकललं आहे, तो भाग निराळा.) अशा डोहांतले मासे आधी तपासावेत, आणि तपासणी होईपर्यंत तिथे बाहेरचं कसलंही बीज पडू देऊ नये. भक्तिभावाने आणलेलंसुद्धा. डोह राखणाऱ्या गावकऱ्यांना विश्वासात घेतल्याशिवाय मात्र कापायला परही मिळणार नाही, आणि तसंच असायला हवं.

आणि कावेरीत आधीच शिरलेल्या खुदरीचं काय? पकडून सोडून देण्याच्या संस्कृतीत वाढलेल्यांना हे रुचणार नाही, पण माझ्या मते तिथे गळाला किंवा जाळ्याला लागलेला खुदरी पुन्हा पाण्यात जाऊ नये. मत्स्य आणि वन विभागांच्या देखरेखीखाली, ओळख पटवून, तो काढावा आणि खावा. लहान माशांत चूक होऊ शकते, म्हणून फक्त मोठे, कुबडाचा मागमूस नसलेले, निळ्या परांचे मासे काढावेत, आणि प्रत्येकाच्या पराचा तुकडा ठेवून घ्यावा. सुरुवात मोयारपासून, कारण कुबडवाले निश्चित उरलेत ते तिथे. कर्नाटक, तामिळनाडू आणि केरळ पाण्याच्या वाटपावर एकत्र बसत असतातच. त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा एक मुद्दा चढवायला कोर्टाचा निकाल लागत नाही.